स्पॅनिशचा भूतकाळ मराठीतून शिका

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाने भूतकाळ इंग्रजीच्या आधाराने शिकू नये, हे सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे मिळणारी बहुतेक पुस्तके, ॲप आणि व्हिडिओ इंग्रजीतून स्पॅनिश शिकवतात. वर्तमानकाळापर्यंत त्याने फारसे बिघडत नाही. भूतकाळ आला की मात्र अडते. इंग्रजीत ‘आय वेन्ट’ म्हटले की ‘मी गेलो’ हेही झाले आणि ‘मी दर वर्षी जायचो’ हेही झाले. स्पॅनिशमध्ये या दोहोंसाठी क्रियापदाची दोन वेगळी रूपे आहेत. इंग्रजीतून येणाऱ्याला तो फरक नियम घोकून शिकावा लागतो. आपल्याला लागत नाही. ‘लिहिले’, ‘लिहीत होतो’, ‘लिहिले होते’, ‘लिहीत असे’ हे चार भूतकाळ आपण शाळेच्या व्याकरणात शिकलो आहोत, आणि शाळेत जाण्याआधीपासून बोलतही आलो आहोत.

विंचूर, लासलगाव, निफाड या पट्ट्यातल्या वाचकांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. स्पेन, चिली, पेरू, अर्जेंटिना, मेक्सिको ही नावे द्राक्षाच्या धंद्यात सतत कानावर येतात आणि या पाचही देशांत स्पॅनिश चालते. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि विंचूरला औद्योगिक विकास महामंडळाचे गोदावरी वाइन पार्क झाले. वाइन बनवण्याचे शिक्षण घ्यायचे असो, परदेशी बागेत काम करायचे असो किंवा माल पाठवायचा असो, या व्यवसायातले बोलणे बहुतांशी भूतकाळातच चालते. छाटणी कधी केली, फवारणी कधी झाली, पाऊस किती पडला, गाडी कधी निघाली, पैसे आले का. वर्तमानकाळावर भागवणारा माणूस यातल्या एकाही प्रश्नाला धड उत्तर देऊ शकत नाही.

पुढे स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत, म्हणून आधी वाचण्याची पद्धत सांगतो. स्पॅनिशमध्ये सहसा शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर येतो. तो दुसरीकडे आला तर त्या अक्षरापुढे मी अवग्रह (ऽ) दिला आहे. तिथे स्वर लांबवायचा नाही, फक्त जोर द्यायचा. ‘आब्लार’, ‘कोमेर’ अशा ‘र’ने संपणाऱ्या शब्दांत जोर शेवटीच असतो, तिथे खूण केलेली नाही. ‘ख’ घशातून घासून काढायचा. ‘स’च्या काही जागी स्पेनमधले लोक जीभ दातांत आणून ‘थ’सारखा उच्चार करतात, मी लॅटिन अमेरिकेचा उच्चार धरला आहे.

दोन मुख्य रूपे

पहिल्या रूपाला ‘इन्देफिनीदो’ म्हणतात. घडली, संपली, हिशेबात जमा झाली अशी क्रिया यात येते. मराठीत जिथे साधे ‘गेलो, विकला, पडला, आली’ येते, तिथे हे वापरा. दुसरे ‘इम्पेर्फेक्तो’. चालू असलेली क्रिया, नेहमीची सवय, त्या वेळची परिस्थिती यासाठी ते असते. मराठीतले ‘जात होतो’ आणि ‘जायचो, जात असे’ हे दोन्ही त्यात मावतात. म्हणजे इथे मराठी स्पॅनिशपेक्षा बारीक आहे. आपण अपूर्ण आणि रीती असे दोन कप्पे करतो, स्पॅनिश एकाच कप्प्यात दोन्ही ठेवते.

वाक्य आधी मनात मराठीत म्हणायचे आणि क्रियापदाकडे बघायचे, एवढीच कसोटी आहे. ‘लोकमान्य टिळक १८९२ मध्ये पुण्यात विंचूरकर वाड्यात राहत होते, विवेकानंदांनी तिथे काही दिवस घालवले.’ पहिले क्रियापद ‘राहत होते’, म्हणून ‘बिबीआ’. दुसरे ‘घालवले’, म्हणून ‘पासोऽ’. आपल्या विंचूरकरांच्याच वाड्याचे हे वाक्य स्पॅनिशमध्ये असे होईल: टिळक बिबीआ एन एल विंचूरकर वाडा, विवेकानंद पासोऽ आयिऽ ऊनोस दीआस.

काही पुस्तकांत एक चुकीची समजूत दिलेली असते, की क्रिया लांबलचक असेल तर इम्पेर्फेक्तो आणि झटपट झाली तर इन्देफिनीदो. ‘मी नाशिकला दहा वर्षे राहिलो’ हे वाक्य घ्या. दहा वर्षे काही झटपट नाहीत, तरी मराठीत आपण ‘राहिलो’च म्हणतो, कारण कालावधी मोजून बंद केलेला आहे. स्पॅनिशही तेच करते: ‘बिबीऽ दिएस आन्योस एन नाशिक’. त्याच काळातली एखादी गोष्ट सांगायला सुरुवात केली, की ‘मी नाशिकला राहायचो तेव्हा…’ होते आणि तिथे ‘क्वान्दो बिबीआ एन नाशिक’ येते. काळ किती लांब होता याने रूप ठरत नाही. तुम्ही त्याच्याकडे बाहेरून बघता आहात की आत उभे राहून, यावर ते ठरते.

‘आयेर’ (काल), ‘एल आन्यो पासादो’ (गेल्या वर्षी) दिसले की इन्देफिनीदो आणि ‘स्येम्प्रे’ (नेहमी), ‘तोदोस लोस दीआस’ (रोज) दिसले की इम्पेर्फेक्तो, असेही शिकवले जाते. सुरुवातीला त्याचा उपयोग होतो, पण त्यावर विसंबू नका. ‘काल पाऊस पडत होता’ मध्ये ‘काल’ आहे, तरी ‘आयेर योबीआ’ असे म्हणायचे. शब्दावर नजर ठेवण्यापेक्षा मराठी क्रियापदावर ठेवलेली बरी.

रूपे कशी बनतात

स्पॅनिश क्रियापदांची शेपटे तीन: ‘आर’, ‘एर’, ‘ईर’. शेपूट काढा आणि नवे जोडा. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. मी बोललो ‘आब्लेऽ’, तू बोललास ‘आब्लास्ते’, तो किंवा ती ‘आब्लोऽ’, आम्ही ‘आब्लामोस’, ते ‘आब्लारोन’. ‘कोमेर’ म्हणजे खाणे: ‘कोमीऽ, कोमिस्ते, कोम्योऽ, कोमीमोस, कोम्येरोन’. ‘बिबीर’ (राहणे) अगदी ‘कोमेर’सारखेच चालते: ‘बिबीऽ, बिबिस्ते, बिब्योऽ, बिबीमोस, बिब्येरोन’. आदरार्थी ‘उस्तेऽद’ म्हणजे आपले ‘आपण’. त्याला तिसऱ्या पुरुषाचेच रूप लागते. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला ‘आब्लास्तेइस’ असे आणखी एक रूप वापरतात. लॅटिन अमेरिकेत ते बोलत नाहीत, तेव्हा ते नंतर शिकलात तरी चालेल.

इम्पेर्फेक्तो याहून सोपा आहे. ‘आर’वाल्यांना ‘आबा’: ‘आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाऽबामोस, आब्लाबान’. उरलेल्या दोघांना ‘ईआ’: ‘कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीऽआमोस, कोमीआन’. साऱ्या भाषेत याला अपवाद फक्त तीन: असणे ‘एरा’, जाणे ‘इबा’, पाहणे ‘बेईआ’. मी आणि तो यांचे रूप एकच असल्याने गरज पडेल तिथे ‘यो’ (मी) किंवा नाव घालायचे.

आता जोराकडे या. मराठीत शब्दातला जोर पुढेमागे झाला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. स्पॅनिश भूतकाळाचा सगळा भार मात्र त्यावर आहे. ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. ‘पागो’ म्हणजे मी पैसे देतो. ‘पागोऽ’ म्हणजे त्याने पैसे दिले. ‘पागे’ म्हणजे आपण पैसे द्यावेत. ‘पागेऽ’ म्हणजे मी पैसे दिले. माल पाठवून पैशाची वाट पाहणाऱ्या माणसाला फोनवर यातला फरक ऐकू आला नाही तर त्याने काय समजायचे? म्हणून ही चार रूपे मोठ्याने म्हणा, जोराच्या अक्षरावर टेबलावर बोट आपटा, आणि कानात बसेपर्यंत पुढे जाऊ नका. लिहितानाही अक्षरावरची तिरपी रेघ गाळू नका. ती शोभेची नाही.

द्राक्षवाल्यांसाठी आणखी एक जोडी सांगायलाच हवी. ‘पोदार’ म्हणजे छाटणी करणे आणि ‘पोदेर’ म्हणजे शकणे, जमणे. मूळ रूपात एका स्वराचा फरक; भूतकाळात गुंता वाढतो. ‘पोदेऽ’ म्हणजे मी छाटणी केली, ‘पूदे’ म्हणजे मला जमले. ‘पोदोऽ’ त्याने छाटले, ‘पूदो’ त्याला जमले. ‘पोदाबा’ म्हणजे छाटत होतो, ‘पोदीआ’ म्हणजे जमत होते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी आपल्याकडची दुहेरी पद्धत परदेशी बागाईतदाराला समजावून सांगायची वेळ आली, तर ही सहा रूपे तोंडावर असली पाहिजेत. स्पेनमध्ये वेल थंडीत विश्रांती घेतो आणि मुख्य छाटणी वर्षातून एकदाच होते, त्यामुळे तो माणूस तुम्हाला दोनदा विचारणार हे नक्की. ‘आम्ही वर्षातून दोनदा छाटायचो’ हे ‘पोदाऽबामोस दोस बेसेस आल आन्यो’. ‘मी ऑक्टोबरमध्ये छाटणी केली’ हे ‘पोदेऽ एन ओक्तूब्रे’.

इन्देफिनीदोतली अनियमित क्रियापदे पाठच करावी लागतात, त्याला दुसरा इलाज नाही. पण ती बरीचशी एका साच्यातली आहेत. ‘तेनेर’ (जवळ असणे) तूबे, तूबो. ‘एस्तार’ (एखाद्या ठिकाणी किंवा अवस्थेत असणे) एस्तूबे, एस्तूबो. ‘पोनेर’ (ठेवणे) पूसे, पूसो. ‘बेनीर’ (येणे) बीने, बीनो. ‘आसेर’ (करणे) ईसे, ईसो. ‘देसीर’ (सांगणे) दीखे, दीखो. यांत जोर शेवटावर जात नाही, म्हणून एकही अवग्रह नाही. ‘देसीर’ आणि ‘त्राएर’ (आणणे) यांचे ‘ते’साठीचे रूप ‘दिखेरोन’, ‘त्राखेरोन’ होते, मधला ‘य’ गळतो. ‘जाणे’ आणि दुसरे ‘असणे’ (‘सेर’, ओळख किंवा गुण सांगणारे) या दोघांचे रूप मात्र एकच आहे: ‘फुइ, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुएरोन’. गोंधळ होत नाही, कारण ‘जाणे’ असेल तर बहुधा पुढे ‘आ’ आणि ठिकाण येते: ‘फुइ आ येवला’.

मराठी जिथे हात देते

‘आवडणे’ हे क्रियापद इंग्रजीतून शिकणाऱ्याला उलटे वाटते, आपल्याला सरळ. ‘मला द्राक्षे आवडली’ यात क्रियापद ‘मी’प्रमाणे न चालता द्राक्षांप्रमाणे चालते. स्पॅनिशमध्ये हुबेहूब तसेच आहे: ‘मे गुस्तारोन लास ऊबास’. ‘मला द्राक्षे आवडायची’ हे ‘मे गुस्ताबान लास ऊबास’.

याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. काही स्पॅनिश क्रियापदांचा अर्थ भूतकाळाच्या दोन रूपांत बदलतो, असे पुस्तके सांगतात आणि त्याची यादी देतात. मराठीत बघितले तर यादीची गरजच राहत नाही, कारण आपण तिथे आधीपासून वेगळे बोलतो. ‘साबीआ’ म्हणजे ठाऊक होते, ‘सूपे’ म्हणजे कळले. ‘कोनोसीआ’ ओळखत होतो, ‘कोनोसीऽ’ ओळख झाली. ‘नो पोदीआ बेनीर’ मला येता येत नव्हते, ‘नो पूदे बेनीर’ मला येता आले नाही.

आता विंचूरच्या कांद्याच्या बाजारात या. एकाला कांदा विकायचा होता: ‘तेनीआ के बेन्देर ला सेबोया’. विकला की नाही, वाक्यातून कळत नाही. दुसऱ्याला विकावा लागला: ‘तूबो के बेन्देर ला सेबोया’. इथे व्यवहार होऊन गेला. तिसऱ्याला विकायचा नव्हता: ‘नो केरीआ बेन्देर’, त्याने मागाहून विकलाही असेल. चौथ्याने विकायला साफ नकार दिला: ‘नो कीसो बेन्देर’. ही चार माणसे मराठीत आपण कधी एकमेकांत मिसळत नाही, मग स्पॅनिशमध्ये मिसळायचे कारण नाही. ‘मी येणार होतो’ हेही तसेच सरळ जाते: ‘इबा आ बेनीर’.

मराठी जिथे चकवते

सगळ्यात घातक आहे आपला ‘होतो’. आपण सहज म्हणतो, ‘काल मी नाशिकला गेलो होतो.’ व्याकरणात हा पूर्ण भूतकाळ. त्याला स्पॅनिशमध्ये ‘आबीआ’ लावून करायचे रूप आहे, म्हणून विद्यार्थी ‘आयेर आबीआ इदो आ नाशिक’ असे म्हणून मोकळा होतो. ऐकणारा थांबून राहतो, कारण त्याला वाटते पुढे काही येणार आहे: गेला होता, आणि मग काय झाले? आपल्याला मात्र एवढेच म्हणायचे असते की गेलो आणि परत आलो. स्पॅनिशमध्ये त्यासाठी साधे ‘आयेर फुइ आ नाशिक’ पुरते. ही चूक मराठी, हिंदी बोलणारे इंग्रजीतही करतात आणि तिथली सवय इथे घेऊन येतात.

मराठीतल्या ‘-लो होतो’च्या स्पॅनिशमध्ये तीन वाटा होतात, आणि त्या वेगळ्या करता आल्या की मोठा डोंगर ओलांडला असे समजा.

खरोखर एका भूतकाळाच्या आधीचा भूतकाळ असेल तरच ‘आबीआ’. ‘मी लासलगावला पोहोचलो तेव्हा लिलाव संपला होता’: ‘क्वान्दो येगेऽ आ लासलगाव, ला सुबास्ता या आबीआ तेर्मिनादो’. पोहोचणे भूतकाळात आणि संपणे त्याच्याही आधी. ‘तोपर्यंत’ किंवा ‘त्याआधीच’ हा शब्द वाक्यात बसतो का बघा. बसला तर ‘आबीआ’.

क्रिया संपून तिची अवस्था उरली असेल तर इम्पेर्फेक्तो. ‘आम्ही ओट्यावर बसलो होतो’ यात बसण्याची क्रिया आपण सांगत नसतो, बसलेले होतो हे सांगत असतो. म्हणून ‘एस्ताऽबामोस सेन्तादोस’. ‘तो झोपला होता’ हे ‘एस्ताबा दोर्मीदो’. ‘चार वाजले होते’ हे नुसते ‘एरान लास क्वात्रो’; घड्याळाची वेळ आणि माणसाचे वय भूतकाळात नेहमी इम्पेर्फेक्तोमध्येच सांगतात.

या दोन्हींत न बसणारे, म्हणजे ‘काल गेलो होतो’, ‘परवा पाव्हणे आले होते’, ‘मागे एकदा भेटलो होतो’ या जातीचे सगळे, साध्या इन्देफिनीदोत.

हे एका प्रसंगात बघू. ‘मार्च महिना होता. दुपारचे चार वाजले होते. आम्ही बागेत होतो. आभाळ काळे झाले होते, वारा सुटला होता. एकाएकी गारा पडायला लागल्या. आम्ही घराकडे पळालो. वीस मिनिटांत हातचे पीक गेले.’ निफाड तालुक्यात गारपीट माहीत नसलेला शेतकरी नाही. स्पॅनिशमध्ये: ‘एरा मार्सो. एरान लास क्वात्रो दे ला तार्दे. एस्ताऽबामोस एन ला बीन्या. एल स्येलो एस्ताबा नेग्रो इ आसीआ ब्येन्तो. दे रेपेन्ते एम्पेसोऽ आ ग्रानिसार. कोर्रीमोस आ कासा. एन बेइन्ते मिनूतोस पेर्दीमोस ला कोसेचा.’ पहिल्या चार वाक्यांत मराठीत ‘होता, वाजले होते, होतो, झाले होते, सुटला होता’ अशी पाच क्रियापदे आहेत आणि स्पॅनिशमध्ये पाचही इम्पेर्फेक्तो, कारण ती सगळी देखावा उभा करतात. ‘एकाएकी’पासून घटना सुरू होते आणि तिथून शेवटपर्यंत इन्देफिनीदो. गोष्ट सांगण्याची ही चाल एकदा अंगवळणी पडली की स्पॅनिश बातमीही नीट वाचता येते.

नुसता ‘होता’ही त्रास देतो. स्पॅनिशमध्ये त्याची किमान चार रूपे होऊ शकतात: एरा, फुए, एस्ताबा, एस्तूबो. ‘आजोबा उंच होते’ हे वर्णन आहे, म्हणून ‘एरा’. ‘कालचा दिवस चांगला होता’ यात संपलेल्या दिवसाचा निकाल दिला आहे, म्हणून ‘फुए’. इथे मराठीत ‘होता’ऐवजी ‘गेला’ किंवा ‘झाला’ घालून बघायचे; अर्थ टिकला तर ‘फुए’. मराठा सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर १७६१ मध्ये पानिपतावर होते, हे एक संपलेले, तारखेत बांधलेले सत्य म्हणून सांगायचे तर ‘एस्तूबो एन पानिपत’. ‘ते पानिपतावर होते तेव्हा…’ म्हणून पुढे हकिकत सांगायची असेल तर ‘एस्ताबा’. ‘झाला’ची युक्ती आणखी एका ठिकाणी चालते: ‘खूप लोक होते’ हे ‘आबीआ मूचा खेन्ते’, आणि ‘गारपीट झाली’ हे ‘ऊबो ऊना ग्रानिसादा’.

तिसरा चकवा कर्मणी प्रयोगाचा. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी पोहे खाल्ले.’ आपले क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि ही सवय इतकी खोल आहे की विद्यार्थी नकळत स्पॅनिश क्रियापदही खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलायला जातो. तिथे ते फक्त कर्त्याकडे बघते. मी काहीही आणि कितीही खाल्ले तरी ‘कोमीऽ’. ‘ने’ प्रत्ययही नाही: ‘आनाने द्राक्षे विकली’ हे ‘आना बेन्द्योऽ लास ऊबास’. एक सोयही आहे. ‘गेलो’ आणि ‘गेले’ असा पुरुष-बाईचा फरक भूतकाळात नाही; दोघांचेही ‘फुइ’. मात्र ‘सेन्तादोस’सारख्या अवस्था दाखवणाऱ्या शब्दांना लिंग-वचन लागते. सगळ्या बायकाच बसल्या असतील तर ‘सेन्तादास’.

‘जेवलो’ की ‘जेवलो आहे’

‘ए कोमीदो’ म्हणजे ‘मी जेवलो आहे’. ‘ए, आस, आ, एमोस, आन’ यांपुढे क्रियापदाचे ‘आदो’ किंवा ‘ईदो’ने संपणारे रूप ठेवायचे. काही वाकडी आहेत: एचो (केलेले), बीस्तो (पाहिलेले), दीचो (सांगितलेले), पुएस्तो (ठेवलेले), एस्क्रीतो (लिहिलेले). इथेही कर्माप्रमाणे काहीच बदलत नाही. स्पेनच्या बऱ्याच भागात ‘आज’, ‘या आठवड्यात’, ‘या वर्षी’ घडलेल्या गोष्टींना हेच रूप लावतात. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी अशा वेळी साधे इन्देफिनीदो येते. ‘जेवलास का?’ ‘हो, जेवलो’ अशा आपल्या बोलण्याला लॅटिन अमेरिकेची ही पद्धत जवळची आहे: ‘या कोमीऽ’. ज्यांच्याशी बोलायचे आहे त्यांची रीत धरा आणि दुसरी ऐकून समजेल एवढी ओळख ठेवा.

अभ्यासाला साधने भरपूर आहेत. रेआल आकादेमिआ एस्पान्योला या स्पेनच्या भाषासंस्थेचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यात क्रियापदाची सगळी रूपे मिळतात. एखाद्या रूपाविषयी शंका आली तर वाटेल त्या साइटवर न जाता तिथे बघावे. ‘रादिओ आम्बुलान्ते’ या पॉडकास्टमध्ये लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या माणसांच्या हकिकती असतात. गोष्ट म्हटली की दोन्ही भूतकाळ शेजारी येतातच, म्हणून कानाच्या सरावाला ते फार चांगले. परीक्षा द्यायची असेल तर इन्स्टिट्यूटो सेर्वांतेसची ‘देले’ परीक्षा जगभर मानली जाते. या संस्थेचे केंद्र दिल्लीला आहे. या लेखातला बहुतेक भाग तिच्या ‘ए-टू’ पातळीला लागतो. पहिल्या ‘ए-वन’ पातळीवर भूतकाळाचे ओझे जवळजवळ नसते, म्हणून पहिली पास झाल्यावर ढिलाई करू नये.

घरी सरावाला गेल्या हंगामाची हकिकत लिहा. आधी मराठीत लिहा, प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा, बाजूला फक्त रूपाचे नाव लिहा आणि मगच स्पॅनिश करायला घ्या. मराठी वाक्य न लिहिता थेट स्पॅनिशला हात घातलात तर मनात इंग्रजी येऊन बसते. नमुन्याला पाच वाक्ये करून दाखवतो.

‘लहानपणी आम्ही बैलगाडीने बाजाराला जायचो.’ सवय आहे, म्हणून ‘दे नीन्योस इऽबामोस आल मेर्कादो एन कार्रेता’.

‘मी गेल्या वर्षी पेरूला गेलो होतो.’ हा ‘होतो’ फसवा आहे: ‘एल आन्यो पासादो फुइ आ पेरूऽ’.

‘ट्रक आला तेव्हा आमचे द्राक्ष पॅक करून झाले होते.’ हा मात्र खरा आधीचा भूतकाळ: ‘क्वान्दो येगोऽ एल काम्योऽन, या आबीऽआमोस एम्पाकादो ला ऊबा’.

‘तिला कांदा विकायचा नव्हता, पण विकावा लागला.’ ‘नो केरीआ बेन्देर ला सेबोया, पेरो तूबो के बेन्देरला.’

‘भाव उतरत होता, म्हणून आम्ही थांबलो नाही.’ ‘एल प्रेस्यो बाखाबा, आसीऽ के नो एस्पेरामोस.’ इथे ‘एस्पेरामोस’ हे रूप ‘थांबतो’ आणि ‘थांबलो’ या दोन्हींना सारखेच आहे. ‘आर’ आणि ‘ईर’वाल्या नियमित क्रियापदांत ‘आम्ही’चे तसे होते, ‘एर’वाल्यांत होत नाही, ‘कोमेमोस’ म्हणजे खातो आणि ‘कोमीमोस’ म्हणजे खाल्ले. मग ऐकणाऱ्याला काळ कळतो तो शेजारच्या ‘बाखाबा’वरून. तिथे चुकून ‘बाखा’ म्हणालात, तर भाव आत्ता उतरतो आहे आणि तुम्ही आत्ता थांबत नाही आहात, असा सरळ वर्तमानकाळाचा अर्थ होईल.